फोन आला तर उचला

नमस्कार, श्रोतेहो. कॉलेज शिकून बाहेर पडलेल्यांचं पुढे काय झालं, हे विचारणारा एक फोन येतो. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

कॅलिफोर्नियात आल्यावर आपल्यापैकी कितीतरी जणींनी कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची, वाट धरली. मीही त्यांतलीच. इथे परवानाधारक बालवाडीत शिक्षिका व्हायचं तर बालविकास विषयाची १२ सेमिस्टर युनिट लागतात. म्हणजे साधारण चार विषय. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटची फी ४६ डॉलर. संध्याकाळचे वर्ग करून मी चार विषय संपवले, हाताला काम लागलं आणि कॉलेज थांबलं. पदवी मला नकोच होती.

कॉलेजच्या दप्तरात मात्र माझ्या नावापुढे पदवी नाही, प्रमाणपत्रही नाही. कागद बघणाऱ्याला वाटावं, हिने मध्येच सोडलं.

बरं, केंद्र सरकारकडे जो पदवी पूर्ण करण्याचा दर जातो, त्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, पूर्णवेळ शिकणारेच धरतात. दोन वर्षांची पदवी त्यांनी तीन वर्षांत पूर्ण केली का, हे बघतात. नोकरी, मुलं सांभाळून एकेक विषय घेणारे त्या हिशेबात येतच नाहीत. आणि कम्युनिटी कॉलेजात भरणा तर त्यांचाच!

मग शिकून गेलेल्यांना काम मिळालं का, हे कळायला पगाराच्या नोंदी तपासाव्यात? बेकारी विम्यासाठी मालक राज्य सरकारला दर तिमाहीला पगार कळवतात, पण माणूस काम कोणतं करतो हे त्यात नसतं. वेल्डिंग शिकून स्वतःचं वर्कशॉप टाकलेला तिथे सापडत नाही. सैन्यात गेलेलाही सापडत नाही, शेजारच्या नेवाडा राज्यात राहायला गेलेलाही नाही.

म्हणून शेवटी माणसालाच विचारावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सांता रोझा ज्युनियर कॉलेज आहे. राज्यातल्या कॉलेजांमधून व्यावसायिक अभ्यासक्रम शिकून बाहेर पडलेल्यांचं सर्वेक्षण ते करतं. ईमेल, मोबाइलवर मेसेज, आणि फोनसुद्धा. प्रश्न साधे असतात. सध्या काम करता का? जे शिकलात त्याच्याशी ते जुळतं का? शिकण्याआधी तासाला किती मिळायचे, आता किती? शिकवणं पटलं का? परत का आला नाहीत? एक-दोन विषय शिकून पगार वाढवून घेणाऱ्यांसाठी तिथे वेगळा शब्दच आहे, 'स्किल्स बिल्डर', कौशल्य वाढवणारे. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. अर्धवट सोडलेले म्हणून ज्यांची गणना झाली असती, त्यांना त्याने मान दिला.

अडचण आहे ती माणूस सापडण्याची. नंबर बदलतात, घरं बदलतात, अनोळखी फोन कुणी उचलत नाही. माझाही पहिला मेसेज मी फसवणूक समजून पुसून टाकला होता. आणि ज्यांचं बिनसलं, त्यांचंच उत्तर बहुधा यायचं राहतं.

माझ्या एका मैत्रिणीचे तीन विषय झाले होते. चौथ्याचा संध्याकाळचा वर्ग, विद्यार्थी कमी म्हणून, ऐनवेळी रद्द झाला. दिवसा तिला धाकट्याला सोडून जाणं शक्य नव्हतं. ती थांबली ती थांबलीच. तिला नोकरी नाही, म्हणून आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही, अशी तिची समजूत. मेसेज आला तेव्हा मी तिच्याशेजारीच होते. म्हटलं, "अगं, तुझंच उत्तर त्यांना हवंय."

तिने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. शेवटच्या चौकटीत लिहिलं, "संध्याकाळचा वर्ग पुन्हा सुरू झाला तर मला कळवा."