यंत्र थांबल्यावर काय ऐकू येतं

(यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी परिसरातील एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आज ज्या अल्बमवर बोलायचं आहे तो तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी याच खोलीत, याच सतरंजीवर बसून ऐकला आहे. ट्रेंट रेझनर हा अमेरिकी संगीतकार 'नाइन इंच नेल्स' या नावानं काम करतो. त्याचा 'द डाउनवर्ड स्पायरल' हा अल्बम ८ मार्च १९९४ रोजी आला. चौदा गाणी, साधारण पासष्ट मिनिटं. सिंथेसायझर, कॉम्प्युटरमधून कापून-पिळून काढलेली गिटार, मशीनचे ठोके, मधेच कुजबुज आणि मधेच किंकाळी. देव, नाती, स्वतःचं शरीर, सगळं एकेक करून झिडकारत एक माणूस खाली खाली जातो, अशी त्यात सलग कथा आहे. हे काही कोपऱ्यात पडून राहिलेलं काम नव्हे. अमेरिकेच्या विक्री-यादीत हा अल्बम थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरला आणि पुढे चाळीस लाख प्रतींचा टप्पा त्यानं गाठला.

संगीतावर लिहिणाऱ्यांनी या अल्बमवर खूप लिहिलं आहे. मला आज तुम्ही काय म्हणालात त्यावर बोलायचं आहे. तुम्ही त्यात जे ऐकलंत, ते त्या लिखाणात मला कुठे सापडलं नाही.

आधी गोंगाटाचं बोलू. या प्रकाराला इंडस्ट्रियल म्हणतात. १९७६ मध्ये 'थ्रॉबिंग ग्रिसल' या गटानं लंडनमध्ये स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि तिचं नावच इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ठेवलं. पुढे बर्लिनमध्ये 'आइनस्ट्युर्झेंडे नॉयबाउटेन' यांनी पत्रे, ड्रिल, भंगारातलं लोखंड वाजवलं. गाण्याच्या जागी कारखाना ऐकवायचा आणि श्रोत्याला हादरवायचं, हा त्यातला एक डाव. आपल्या वणी-घुग्गुस पट्ट्यात तो चालत नाही. इथे खाणीतला स्फोट झाला की भिंतीवरचं घड्याळ हलतं, कोळशाचे टिप्पर रात्रभर जातात आणि दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की महिनोन्‌महिने कानात तेच. अशा कानांना गोंगाटाची धास्ती कशाला वाटावी?

'रेप्टाइल' हे जवळपास सात मिनिटांचं गाणं लावलं होतं, आठवत असेल. त्यात मागे सतत काहीतरी यांत्रिक घासत, उघडझाप करत राहतं. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या एक बाई लगेच म्हणाल्या, "हे त आमच्या इथलंच हाय. पट्टा ढिला झाला का असाच आवाज येते." वेल्डिंगच्या दुकानातला आपला मित्र तर खात्रीनं सांगून मोकळा झाला की या मशीनची बेअरिंग गेली आहे. मला ही प्रतिक्रिया फार मोलाची वाटते. त्या गाण्यातलं यंत्र सुस्थितीतलं नाहीच. ते झिजलेलं, कण्हणारं यंत्र आहे आणि गाण्यातला माणूसही तसाच आहे. गीताचा एक शब्द न कळता दोघांनी गाण्याचा विषय धरला होता.

खोली अस्वस्थ झाली ती दुसऱ्याच जागी. अल्बममध्ये दहावं गाणं आहे, 'अ वॉर्म प्लेस'. शब्द नाहीत, ठोका नाही, सव्वातीन मिनिटांच्या आसपास नुसते मऊ, लांब स्वर. त्याच्या आधीचं गाणं अंगावर धावून येणारं, आणि ते संपतं न संपतं तोच हे. परदेशातले चाहते या गाण्याला अल्बममधला विसावा मानतात. नावातच ऊब आहे. आपल्याकडे मात्र दोघं-तिघं उठून बटणाकडे गेले, "लाइन गेली का?" म्हणून. लाइन होती. स्वर चालू होते. तरी कुणी टेकून बसेना. मग त्याच बाई बोलल्या. त्यांचं बोलणं मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं: "मशीन चालू हाय तोवर भेव नाही. एकदम बंद पडली का सगळे पयतेत पाह्याले, कोनाचा हात त नाही ना गेला."

मंडळी, या एका वाक्यानं माझ्यासाठी तो अल्बम नव्यानं उलगडला. अंधाऱ्या संगीतात अंधार कुठे असतो, तर किंकाळीत असतो, विकृत केलेल्या आवाजात असतो, असं आपण धरून चालतो. ज्यांचं आयुष्य यंत्राशेजारी जातं त्यांना माहीत आहे की आवाज म्हणजे काम चालू, माणसं जागेवर, सगळं ठीक. भीती असते ती अचानक आलेल्या शांततेत. आता हे मनात ठेवून पूर्ण अल्बम ऐका. रेझनर आणि त्याच्या जोडीला निर्मितीत असलेला फ्लड यांनी जिथे जिथे खरा घाव घातला आहे तिथे तिथे आवाज काढून घेतला आहे. 'क्लोजर'च्या शेवटी सगळा पसारा आवरला जातो आणि पियानोचे खाली उतरणारे मोजके सूर उरतात. तेच सूर पुढे शीर्षकगीतात परत येतात, जिथे त्या माणसाची घसरण तळाला पोचते.

आपल्या भजन मंडळातले एक काका तेव्हा म्हणाले की शांतता सगळी सारखी नसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं मौन उभी राहतात. तिथे भीती वाटत नाही, उलट भरून येतं, कारण आपण कशासाठी गप्प आहोत हे प्रत्येकाला माहीत असतं. या गाण्यात ते माहीत नाही. एवढी नेमकी समीक्षा मी क्वचित ऐकली आहे.

आणि लयीचं. 'मार्च ऑफ द पिग्ज' हे अल्बममधलं सगळ्यात वेगवान गाणं, मिनिटाला अडीचशेहून जास्त ठोके. पोरं माना हलवायला लागली आणि हलवता हलवता चुकायला लागली. डीजेवाल्या आपल्या मुलाला वाटलं फाइल खराब आहे, मधे तुकडा उडतोय. आपले तबलजी मांडीवर बोटं वाजवत तीनदा ऐकून म्हणाले, "उडत नाही काही. तीन रूपक अन् एक केरवा." अगदी बरोबर! सात, सात, सात आणि आठ, एकूण एकोणतीस. शेवटच्या आवर्तनात एक मात्रा जास्त मिळते, आणि त्या एका मात्रेवर पाय टेकतोय न टेकतोय तोच पुढचे सात सुरू. पाश्चात्त्य रॉक ऐकणारे या गाण्याला चमत्कारिक म्हणतात, कारण त्यांचा कान चारावर बसलेला असतो. आपल्याकडे सातची मात्रा खेड्यातल्या भजनातही वाजते. त्यामुळे इथे ते गाणं चमत्कारिक न वाटता कठीण वाटलं, आणि तबलजींना तर आव्हान वाटलं. ऐकणाऱ्याकडे जी शिदोरी असते तिनेच तो ऐकतो, आणि आपली शिदोरी काही कमी नाही.

आता ज्या हरकतीचा मी सगळ्यात जास्त विचार केला तिच्याकडे येतो. आपले निवृत्त गुरुजी त्या दिवशी शेवटपर्यंत बसले आणि मग म्हणाले, "ज्या जिल्ह्यात घरोघरी या विषयाच्या जखमा आहेत, तिथे आत्मनाशाची कथा कशाला वाजवायची?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. काळजी होती. अमेरिकेत १९९५ मध्ये राजकीय मंडळींनी याच अल्बमचं नाव घेऊन टाइम वॉर्नर कंपनीवर दबाव आणला होता, आणि त्या वर्षी कंपनीनं हा अल्बम काढणाऱ्या इंटरस्कोप या रेकॉर्ड कंपनीतला आपला वाटा विकून टाकला. पण ती हरकत वेगळी होती. तिथे मुख्य रोख गलिच्छ शब्दांवर होता. गुरुजींची हरकत ज्यांनी सोसलं आहे त्यांच्या बाजूनं आहे, म्हणून तिचं वजन फार मोठं.

खुद्द रेझनरलाही असाच प्रश्न एकदा समोरासमोर विचारला गेला. हा अल्बम त्यानं लॉस एंजेलिसमधल्या ज्या घरात केला, त्याच घरात १९६९ मध्ये शेरॉन टेट या अभिनेत्रीचा आणि तिच्या सोबतच्यांचा खून झाला होता. पुढे टेटच्या बहिणीशी त्याची गाठ पडली. माझ्या बहिणीच्या मरणाचा तू फायदा उठवतो आहेस का, असं तिनं त्याला विचारलं. त्या क्षणापर्यंत ते घर त्याच्यासाठी इतिहासातली एक कुतूहलाची जागा होतं. हिनं आपली बहीण गमावली आहे हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आणि आपण घरी जाऊन रडलो, असं त्यानंच नंतर मुलाखतीत सांगितलं आहे. कलावंताला गप्प करणारी प्रतिक्रिया समीक्षकाकडून येत नाही. ज्याचं माणूस गेलं आहे त्याच्याकडून ती येते.

म्हणून माझी भूमिका स्पष्ट सांगतो. हे संगीत वाजवावं, पण बेसावध माणसावर सोडू नये. ऐकायला बसण्याआधी कथा काय आहे ते सांगावं, उठून जायचं असेल त्याला सहज जाता यावं. शीर्षकगीत मी इथे लावलं नाही आणि लावणार नाही. ज्याला ऐकायचं आहे त्यानं सोबतीला कुणाला तरी घेऊन ऐकावं. दाराजवळ टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर लावलेला आहे, १४४१६. तो या अल्बमसाठी लावलेला नाही. तो कायम तिथे राहणार आहे. रात्री-अपरात्री कधीही फोन करा, मराठीत बोलता येतं.

तरी वाजवावं का, तर त्याचं कारण मला मागच्या रांगेतून मिळालं. शेवटचं गाणं 'हर्ट' झालं. ते हळू आवाजात चालतं, शेवटी एक फाटका, प्रचंड स्वर कोसळतो आणि मग बराच वेळ नुसती वाऱ्यासारखी घरघर. ती संपल्यावर कुणी बोलेना. तेव्हा बचत गटातल्या एक मावशी, ज्यांच्या घरात हे घडलेलं आहे, त्यांनी विचारलं, "हे ज्यानं गायलं, तो जिता हाय का?"

हो मावशी, जिता आहे. व्यसनात पार बुडाला होता, २००१ मध्ये उपचार घेऊन बाहेर आला. संसार आहे, मुलंबाळं आहेत. ॲटिकस रॉस या सहकाऱ्याबरोबर चित्रपटांना संगीत देतो, दोनदा ऑस्कर मिळालं आहे. आणि कथेतल्या माणसाचंही सांगतो. 'हर्ट' हे गाणं घसरण तळाला पोचल्यानंतर येतं. म्हणजे तळानंतरही एक आवाज उरलेला आहे, आणि पुन्हा सुरुवात करता आली तर मी स्वतःला जपेन, वाट काढेन, असं तो शेवटी म्हणतो. मावशींनी हे ऐकून मान हलवली आणि म्हणाल्या, "मंग बरं." गाणं चांगलं की वाईट याच्या आधी गाणारा वाचला का, हे विचारणारे श्रोते असतील, तर त्यांच्यापुढे हा अल्बम ठेवायला मला संकोच वाटत नाही.

या गाण्याला जगात जे सगळ्यात मोठं उत्तर मिळालं ते आपल्यासारख्याच एका कापसाच्या गावातून आलं. जॉनी कॅश हा अमेरिकी लोकगायक. त्याच्या वडिलांना १९३५ मध्ये सरकारी वसाहत योजनेतून आर्कान्सा राज्यातल्या डायस गावी वीस एकर जमीन मिळाली. पोरगा पाच वर्षांचा असल्यापासून कापूस वेचत होता. वेचता वेचता आईच्या मागून गाणी म्हणत होता. १९४४ मध्ये त्याचा थोरला भाऊ जॅक लाकूड कापायच्या करवतीवर काम करताना सापडला आणि गेला. कॅश तेव्हा बारा वर्षांचा. मशीन थांबल्यावर लोक का पळतात, हे त्या घराला सांगायची गरज नव्हती. हाच माणूस सत्तरीला पोचताना, शरीर थकलेलं असताना, निर्माता रिक रुबिनच्या आग्रहानं 'हर्ट' गातो. २००२ मध्ये ते रेकॉर्डिंग आलं. सिंथेसायझर गेला, घरघर गेली. गिटार, पियानो आणि कापरा आवाज. शब्दांतली एक शिवी काढून त्यानं तिथे येशूच्या काट्यांचा मुकुट ठेवला. २००३ च्या मे महिन्यात त्याची बायको जून कार्टर गेली आणि १२ सप्टेंबरला तो गेला.

रेझनरनं आधी ते नुसतं ऐकलं तेव्हा त्याला ते परकं वाटलं, आपल्या खासगी जागेत कुणी शिरावं तसं. नंतर मार्क रोमानेकनं केलेली चित्रफीत पाहिली आणि तो हेलावला. हे गाणं आता माझं राहिलं नाही, अशा अर्थाचं तो म्हणाला. कुणी लिहून पाठवलेल्या मतापेक्षा ही प्रतिक्रिया मला मोठी वाटते. एका श्रोत्यानं ऐकलं, आपल्या आयुष्यातून पिंजून काढलं आणि दुसऱ्याच रूपात परत दिलं.

तुमच्यातही ते करणारे आहेत. रूपक आणि केरवा ओळखणारे आहेत, सातवीतल्या पोरी आहेत ज्यांनी 'अ वॉर्म प्लेस'चे स्वर पेटीवर शोधून काढलेत, आणि मला ठाऊक आहे की भजन मंडळात दोघं 'हर्ट'च्या चालीवर वऱ्हाडीत काहीतरी जुळवत आहेत. ते इथे, या खोलीत म्हटलं जावं अशी माझी फार इच्छा आहे. सीतादहीची पूजा आटोपून वेचणीला लागण्याआधीचा एखादा दिवस ठरवू.

बोलणं पुरे. आता 'मार्च ऑफ द पिग्ज' लावतो. तबला मधे घ्या. पहिल्या खेपेला सगळ्यांनी नुसती टाळी धरायची, सात, सात, सात, आठ, आणि पियानो आला की हात थांबवायचे. पोरांनो, आवाज अर्ध्यावरच ठेवा, शेजारच्या घरी बाळंतीण आहे.