मग पुढं काय झालं?

नमस्कार मंडळी. आजचा विषय गमतीच्या बातम्या, गेम आणि असलंच सगळं किरकोळ म्हणून बाजूला पडणारं, पण मला त्यातली एकच गोष्ट मनापासून सांगायचीय आणि ती आधीच सांगून टाकतो. ह्या बातम्या आपण अर्ध्यात सोडतो. व्हॉट्सॲपवर येते, आपण हसतो, एक स्मायली टाकतो, पुढच्या ग्रुपवर ढकलतो, झालं. खरा माल असतो बातमीच्या दुसऱ्या अर्ध्यात, आणि तिथपर्यंत कुणी जातच नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याच सांगली जिल्ह्यातलं बघा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिराचा व्हिडिओ आला होता, भंगारातले पार्ट जोडून बनवलेली छोटी जीप, आणि ती चालू कशी होते तर मोटारसायकलसारखी किक मारून. तुम्ही सगळ्यांनी बघितला असणार. आनंद महिंद्रांनी तो शेअर केला आणि जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण महिंद्रांनी त्याच वेळी लिहिलेलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या रस्त्यावर बंद होणार, म्हणून ती आमच्याकडं द्या, आमच्या रिसर्च सेंटरमध्ये ठेवू. जानेवारीत बोलेरो मिळाली पण. आता मला सांगा, चारचाकीला किक बसवायची म्हणजे इंजिन कुठलं, ते बसवलं कुठं, किकचा दांडा बाहेर कुठनं काढला, हे विचारायला किती जण देवराष्ट्रेला गेले? लाइक करणारे लाखो, पण बॉनेट उघडून बघणारे किती? माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट त्या बॉनेटखालीच होती.

आता जरा लांब जाऊ. १९९२ चा जानेवारी, हाँगकाँगहून अमेरिकेतल्या टकोमाला निघालेलं मालवाहू जहाज प्रशांत महासागरात वादळात सापडलं आणि वरचे १२ कंटेनर पाण्यात गेले. त्यातल्या एकात लहान पोरांची आंघोळीची प्लास्टिकची खेळणी, २८,८००. पिवळी बदकं, हिरवे बेडूक, निळी कासवं, लाल बीव्हर. नोव्हेंबरमध्ये अलास्कातल्या सिटका गावाच्या किनाऱ्याला बदकं लागायला लागली. फोटो मस्त, बातमी मस्त, आणि बहुतेकांची बातमी इथंच संपते.

पुढं काय झालं ते ऐका. सिएटलचे समुद्रशास्त्रज्ञ कर्टिस एबेसमायर ह्यांनी पहिला प्रश्न विचारला की खेळणी पॅकिंगमध्ये होती, मग सुटी कशी झाली. पॅकिंग कसलं, तर मागं पुठ्ठा आणि पुढं प्लास्टिकचं कव्हर. त्यांनी तपासून बघितलं, खाऱ्या पाण्यात पुठ्ठा दिवसभरात लगदा होऊन सुटतो. दुसरं, आपल्याकडच्या रबरी बदकाला खाली शिट्टीचं भोक असतं की नाही, ह्यांना भोकच नव्हतं, त्यामुळं पाणी आत शिरायचा प्रश्नच नाही, वर्षानुवर्षं तरंगत राहिली. एरवी प्रवाह शोधायला संशोधक पाचशे-हजार बाटल्या सोडतात आणि त्यातल्या अगदी मोजक्या परत सापडतात. इथं जवळजवळ एकोणतीस हजार एकदमच सुटलेल्या, आणि कुठं पडल्या ती जागा जहाजाच्या नोंदीत पक्की! मग एबेसमायर आणि त्यांचे सहकारी जेम्स इन्ग्रॅम ह्यांनी किनाऱ्यावर फिरणाऱ्या साध्या लोकांकडनं कळलेलं, कुठं काय कधी सापडलं, ते सगळं कॉम्प्युटर मॉडेलमध्ये घातलं आणि उत्तर प्रशांत महासागरातला वरचा गोल प्रवाह एक फेरी मारायला सुमारे तीन वर्षं घेतो हे त्यातनं काढलं. हे खेळण्यांमुळं, आणि सकाळी फिरायला जाऊन बदक उचलणाऱ्या, त्याची तारीख लिहून ठेवणाऱ्या माणसांमुळं. मला त्या तारीख लिहून ठेवणाऱ्यांचं फार कौतुक वाटतं.

गेमचं पण तसंच आहे. नव्वदीतली पोरं इथं बसलीत, टीव्ही गेमची कॅसेट फुंकून लावणारी. १९८५ चा सुपर मारिओ आठवा, त्यातला ढग आणि खालचं हिरवं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. हे लोक ट्रिव्हिया म्हणून फॉरवर्ड करतात. पण का? तर अख्खा गेम ४० केबीत बसवायचा होता, आज तुमचा गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो. पॅकमॅनमध्ये २५६ व्या लेव्हलला उजवी निम्मी स्क्रीन अक्षरांचा नुसता कचरा होते. ते पण तेच, लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला, एका बाइटमध्ये २५५ च्या पुढं मोजताच येत नाही, मग खाली फळांची रांग काढणारा प्रोग्राम गडबडतो आणि २५६ फळं काढत सुटतो.

टेट्रिसवर मात्र मला जरा थांबायचंय. मॉस्कोत १९८४ ला अलेक्सी पाजित्नोव ह्यांनी बनवलेला, वरनं पडणारे ठोकळे रचायचा गेम, त्याची निन्टेन्डोची आवृत्ती १९८९ ची. त्यात २९ व्या लेव्हलला ठोकळे इतके जोरात पडतात की कित्येक वर्षं सगळे म्हणायचे इथं गेम संपला. संपला नव्हता, बोटं कमी पडत होती. आधी काहींनी बटण थरथरत्या बोटानं सेकंदाला दहा-बारा वेळा दाबायचं शिकून घेतलं. मग २०२० नंतर नवीनच पद्धत निघाली, रोलिंग म्हणतात तिला. अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या मागच्या बाजूला एकामागून एक वाजवत जायची, तबल्यावर वाजवतात तशी, म्हणजे बटण अंगठ्यावर येऊन आपटतं, अंगठा हलतच नाही! ह्या जोरावर २१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका पोरानं १५७ व्या लेव्हलला गेम एवढा पुढं नेला की गेमच गोठला, माणसाकडनं पहिल्यांदाच. आणि तिकडं एका बातम्यांच्या चॅनेलवर निवेदिका काय म्हणाली, तर बाळा जरा बाहेर जा, ताजी हवा खा. मला हे अजिबात पटलं नाही. कित्येक वर्षं लोकांनी ज्याला भिंत समजलं तिथं हात धरायची पद्धत बदलून वाट निघाली, आपल्या तालमीत एखाद्या पोरानं नवीन डाव काढला तर आपण त्याला घरी जा म्हणतो का? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्रॉन्झ आणलं त्याचा अभिमान आपल्याला आहेच, मग डोकं आणि बोटं चालवणाऱ्या पोरालाही थोडा मान द्यायला काय हरकत आहे.

ब्रिटनच्या जहाजाचं पटकन सांगतो. २०१६ ला संशोधन जहाजाला नाव सुचवा म्हणून ऑनलाइन मतदान घेतलं, बोटी मॅकबोटफेस हे थट्टेचं नाव एक लाख चोवीस हजारांवर मतं घेऊन पहिलं आलं, सरकारनं ते काही ठेवलं नाही, जहाजाला निसर्गावरचे माहितीपट करणाऱ्या डेव्हिड ॲटनबरोंचं नाव दिलं. जग हसलं आणि विसरलं. ते नाव एका पिवळ्या, माणूस नसलेल्या पाणबुडीला मिळालं, ती २०१७ ला अंटार्क्टिकाजवळ खोल पाण्यात जाऊन आली आणि वरच्या जोराच्या वाऱ्यांमुळं तळाचं थंड पाणी कसं ढवळलं जाऊन गरम होतंय ते तिच्या मोजणीतनं कळलं. हा भाग तुमच्या ग्रुपवर आला का कधी?

आणि आता परत कडेगाव तालुक्यात. मोहित्यांचे वडगाव, संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला परत भोंगा, मग चालू. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासनं. "भोंगा वाजला की मोबाइल बंद" एवढी बातमी देशभर फिरली. पण भोंग्यानं कुणी मोबाइल ठेवत नाही हो! लॉकडाऊनमध्ये पोरांच्या हातात शाळेसाठी मोबाइल आला तो सुटेना, म्हणून ठराव झाला, आणि मग आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक घरोघरी फिरले, कुणाच्या घरात टीव्ही चालू आहे ते बघत. काम ह्या फिरण्यानं झालं. आणि माझे प्रश्न तर ह्याच्याही पुढचे आहेत, त्या दीड तासात पोरं अभ्यासच करतात का काही खेळतात, मॅचच्या दिवशी काय करतात, म्हाताऱ्या माणसांच्या सिरियलचं काय, शेजारच्या गावांनी करून बघितलं का आणि कुठं अडलं. कडेगाव काही लांब नाही, सकाळी निघालं तर दुपारी परत येता येतं. तुमच्यातल्या चार-पाच कॉलेजच्या पोरांनी वही घेऊन जायचं ठरवलं तर मी बरोबर यायला तयार आहे, बाहेर गेल्यावर मला गाठा.