मीठ टाकलं का, हे नंतर विचारा

मंडळी, बर्फाच्या रस्त्यावर मीठ टाकणाऱ्यांच्या आधी ड्रायव्हरची जबाबदारी काय, हे सांगायला उभा आहे. आपल्या वर्धा रोडचा हायवे नंबर 44 आणि हाच 44 वर श्रीनगरपर्यंत जातो, तेव्हा नागपूरवाल्याला बर्फाचं काय करायचं असं कोणी म्हणू नका. 2018 च्या डिसेंबरात इथं पारा 3.5 वर आला तर अख्खं गाव शेकोटीभोवती बसलं होतं, आणि आता तुमच्यातले कितीतरी जण जानेवारीत स्वतःची गाडी घेऊन काश्मीरला जायचं म्हणून राह्यले.

मी गेलो होतो. काझीगुंडच्या पुढे, सकाळचे सात, बर्फाचे ढीग कडेला लावलेले, रस्ता काळाभोर, नुसता ओला दिसे. वाटलं, साफ केलाय ना, झालं तर मग. एक छोटासा पूल आला आणि स्टेअरिंग एकदम हलकं झालं, चाकं जमिनीला लागूनच नाहीत असं, आणि मी घाबरून ब्रेक दाबला. गाडी आडवी होत होत कठड्याला जाऊन टेकली. मागे बायकोच्या शालीवर थर्मासचा चहा सांडला, कोणी काही बोललंच नाही. उतरलो तर पाय ठरेना. वाकून पाहिलं, डांबरातली खडी न् खडी दिसत होती आणि वर काचेसारखा पापुद्रा. पुलाला वरून-खालून गार हवा लागते, खालून जमिनीची ऊब नाही, म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो. हे मला नंतर समजलं, तेव्हा मात्र मी तासभर "यांनी मीठ काहून नाही टाकलं" म्हणून चिडत बसलो.

आता मिठाचं सांगतो. लहानपणी पॉटचं आईस्क्रीम फिरवलंय ना, बर्फात खडेमीठ टाकून? मीठ मिसळलं की पाणी शून्याच्या खालीही गोठत नाही, रस्त्यावर तेच चालतं. बर्फ पडायच्या आधीच 23 टक्क्यांचं मिठाचं पाणी फवारलं तर बर्फ डांबराला चिकटत नाही, मला विचाराल तर हीच खरी पद्धत. पण उणे 9-10 च्या खाली साधं मीठ फारच हळू काम करतं, मग वाळू टाकतात, अन् वाळू काही बर्फ वितळवत नाही, नुसती पकड देते. हो, परत आल्यावर गाडी खालून धुवा, मिठानं पत्रा गंजतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं म्हणतात, आणि ड्रायव्हरच्या जबाबदारीचा मुख्य विषय तर राहूनच गेला. पटकन सांगतो. 40 च्या स्पीडला कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी 9-10 मीटरमध्ये थांबते, बर्फावर 60 मीटरच्या वर लागतात. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं इंजिन फिरवतं अशी गाडी असली तरी तेवढेच, ती निघायला मदत करते, थांबायला नाही. पुलाच्या आधीच स्पीड कमी करा, पुलावर नाही. उतारावर खालचा गियर, झटका कशालाच नको. रस्ता बंद म्हटलं की बंद, हुज्जत नाही. बर्फात पकड यावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या इंजिन फिरवतं त्या चाकांना, चढाच्या आधी सपाट जागेवर लावा, आणि त्याची प्रॅक्टिस इथं घरी करा, तिथं बोटं बधिर झाल्यावर हूक लागत नाही बाप्पा. मी माझ्या साखळ्या आणल्यात, डिकीत आहेत, ज्यांना लावून पाहायच्यात त्यांनी चहा झाला की पार्किंगमध्ये या.