शिट्टी, बाटली आणि बेडूक

शर्यत संपलीय. जिंकलेला घोडा अजून धापा टाकतोय, मानेवर घामाचा फेस. लोकांच्या नजरा निकालाच्या फलकावर, आणि याची रवानगी मात्र एका बाजूच्या तबेल्यात. खाली ताजा पेंढा अंथरलाय. मोतद्दार हलकी शिट्टी घालतो. याला कुणी बंदी असलेलं औषध दिलं होतं का, ते तपासायचंय. त्यासाठी लांब दांड्याचं भांडं घेऊन एक माणूस मागे उभा आहे. घोडा लघवी करील तेव्हा करील. त्याला घाई कोण करणार?

फारच वेळ लागला, तर रक्तावर भागवतात. नमुना दोन बाटल्यांत जातो, ‘अ’ आणि ‘ब’. दोन्हींना सील. वर घोड्याचं नाव नाही, नुसता आकडा.

घोड्याची लघवी गढूळ आणि चिकट असते, त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे कण तरंगतात. तशीच यंत्रात घातली तर यंत्रच तुंबेल. म्हणून आधी साफसफाई. मग क्रोमॅटोग्राफ त्यातले पदार्थ एकेक करून सुटे करतो, आणि मास स्पेक्ट्रोमीटर रेणू फोडून त्यांच्या तुकड्यांचं वजन घेतो. पडद्यावर रेघ सरळ चाललेली असते. मध्येच एक सुळका उठतो.

काही लबाड्या मात्र साध्याच. खायचा सोडा पाण्यात कालवून नाकातल्या नळीने थेट पोटात सोडायचा. दमलेल्या स्नायूंतलं आम्ल त्याने मारलं जावं, ही आशा. सोडा हा काही अमली पदार्थ नव्हे, शरीरात तो असतोच. म्हणून सोड्याने रक्तात वाढणारा एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात. आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे लिटरमागे ३६ मिलिमोल.

आणि मग बेडूक. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडबेडकाच्या कातडीत डर्मॉर्फिन असतं, मॉर्फिनच्या कितीतरी पट जोरकस वेदनाशामक. दुखरा पाय दुखेनासा झाला की घोडा त्याच पायावर जीव तोडून धावतो. यातलं क्रौर्य वेगळं सांगायला नको. अमेरिकेच्या शर्यतींत त्याची नुसती कुजबुज होती, नमुने मात्र निर्दोष ठरत होते. कारण यंत्राला जे शोधायला सांगाल, तेच ते शोधतं. २०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या एका प्रयोगशाळेने आपली पद्धत खास या रेणूसाठी बदलली, आणि बघता बघता वेगवेगळ्या राज्यांतले तीसहून अधिक घोडे सापडले.

याच्या उलटही घडतं. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राणीची घोडी ‘एस्टिमेट’ अ‍ॅस्कॉटच्या गोल्ड कपमध्ये दुसरी आली. नमुन्यात मॉर्फिन निघालं! माग लागला तो दूषित खाद्यापर्यंत. कुणी टोचलं नव्हतं, तरी दुसरा क्रमांक गेलाच. नियम उद्देश विचारत नाही. तो बाटलीत काय आहे, एवढंच बघतो. कोकोतलं थिओब्रोमाइन हे उत्तेजकही असंच खाद्यातून येतं. त्याला मर्यादा ठरवून दिलीय, लघवीच्या मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम.

इकडे ‘अ’मध्ये काही सापडल्याचं पत्र ट्रेनरच्या हाती पडतं. ‘ब’ बाटली अजून फ्रीझरमध्ये आहे, सील न मोडलेली. ती उघडून तपासायला सांगायचा हक्क त्याला आहे. तो पत्र पुन्हा एकदा वाचतो, आणि आकडा पडताळून पाहतो.