लव्हाळ्याच्या उजेडाचा हिशेब

[दृश्य: ओढ्याकाठची पाणथळ जागा. कमरेएवढे उंच, गोल देठांचे हिरवे लव्हाळे.]

अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या शेतमजुराच्या घरात रात्री किती वेळ उजेड असायचा? त्याला खर्च किती यायचा? राजेरजवाड्यांच्या इतिहासात हे सापडत नाही. प्रवासवर्णनांतही क्वचितच सापडतं, कारण प्रवासी दिवसा रस्त्यावर असतो आणि रात्री खाणावळीत उतरतो. मजुराच्या घरातली संध्याकाळ त्याच्या नजरेला पडत नाही. या प्रश्नाचं एक फार नेमकं उत्तर मिळतं ते पक्षी, झाडं आणि हवामानावरच्या पुस्तकात.

हॅम्पशर परगण्यातलं सेलबोर्न हे गाव. तिथले पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी आपल्या गावाच्या निसर्गावर दोन जाणकार मित्रांना लिहिलेली पत्रं १७८९ सालच्या पुस्तकात आहेत. त्याच पुस्तकाचा दुसरा भाग गावाच्या पुराणवास्तूंवर आहे. निसर्ग आणि गावगाडा एकाच बांधणीत ठेवायला व्हाइट यांना काहीच अडचण वाटली नाही.

हा माणूस मोजणारा होता. शेतात राहणाऱ्या इवल्याशा उंदराचं वजन किती, तर तराजूच्या एका पारड्यात दोन उंदीर आणि दुसऱ्यात तांब्याचं अर्ध्या पेनीचं एक नाणं. पारडं उंदरांच्या बाजूला जेमतेम झुकलं. म्हणजे दोघांचं मिळून वजन औंसाच्या (सुमारे २८ ग्रॅम) तिसऱ्या हिश्शाएवढं. एकेक उंदीर पाच ग्रॅमही भरत नाही. दिसायला जवळपास सारखे असलेले तीन छोटे पक्षी त्यांनी आवाजावरून वेगळे ओळखले. हीच सवय घेऊन ते मजुराच्या स्वयंपाकघरात शिरतात, म्हणून ते पत्र इतकं मोलाचं आहे.

[दृश्य: पत्राची तारीख – १ नोव्हेंबर १७७५.]

पत्राचा विषय आहे लव्हाळ्याची वात. त्यासाठी लागतो जंकस या वनस्पती-वंशातला मऊ लव्हाळा. कापणी भर उन्हाळ्यात करायची, पण शरद ऋतूपर्यंत कापलेलाही चालतो. जितका लांब आणि जाड, तितका चांगला. हे काम करायची म्हातारी, थकलेली माणसं, बायका आणि पोरं.

कापल्याबरोबर लव्हाळे पाण्यात टाकायचे आणि तिथेच ठेवायचे. इथे हयगय झाली तर पुढचं सगळं फुकट: लव्हाळा वाळून आक्रसतो आणि मग त्याची साल सुटतच नाही.

[दृश्य: जवळून – नख लावून साल ओढणारी बोटं. आतला पांढरा, स्पंजासारखा गाभा उघडा पडतो.]

सगळं कसब साल काढण्यात आहे. पूर्ण सोललं तर आतला मऊ गाभा स्वतःच्या भारानेच मोडतो. साल जास्त राहिली तर चरबी आत मुरायला वाट मिळत नाही. म्हणून बुडख्यापासून शेंड्यापर्यंत सालीची एकच अरुंद, सारख्या रुंदीची पट्टी ठेवायची. तीच गाभ्याचा कणा. नवख्याला हे जमत नाही, पण सरावाने लहान मुलंही सहज करतात. व्हाइट लिहितात, की पूर्ण आंधळी असलेली एक म्हातारी हे काम झपाझप करताना त्यांनी पाहिली, आणि तिचा हात क्वचितच चुकत असे. त्या बाईचं नाव पुस्तकात नाही, पण तिच्या बोटांची सफाई नोंदली गेली आहे.

सोललेले लव्हाळे काही रात्री गवतावर दवात पसरून ठेवायचे. त्याने ते पांढरे होतात. मग उन्हात वाळवायचे आणि कढत चरबीत बुडवून काढायचे. चरबी कुठली? खारवलेलं डुकराचं मांस शिजताना भांड्यात वर येणारा तवंग काटकसरी गृहिणी साठवून ठेवायची. त्यात मीठ असतं, आणि खारट चरबी नीट जळत नाही. उपाय साधा: तवंग कोमट भट्टीत ठेवून द्यायचा, मीठ तळाशी बसतं. घरी मधमाश्या असतील तर चरबीत थोडं मेण घालायचं. वात कडक होते, हात कमी माखतात आणि जळतेही जास्त वेळ. मेंढीच्या चरबीनेही तोच गुण येतो.

[दृश्य: तराजू. एका बाजूला वाळलेल्या लव्हाळ्यांची जुडी.]

आता आकडे. इथे पौंड म्हणजे वजन, सुमारे ४५४ ग्रॅम; आणि पैशांत एका शिलिंगचे बारा पेन्स, एका पेनीचे चार फार्दिंग. एक पौंड वाळलेल्या लव्हाळ्यात मोजून १,६०० हून अधिक काड्या भरल्या. एक पौंड लव्हाळ्याला सुमारे सहा पौंड चरबी लागते. लव्हाळा एक शिलिंगला पौंड, चरबी चार पेन्स पौंड, म्हणजे सहा पौंडांचे दोन शिलिंग. एकूण तीन शिलिंग. २८.५ इंच लांबीची एक चांगली वात घड्याळ लावून जाळली, ती ५७ मिनिटं टिकली. मिनिटाला बरोबर अर्धा इंच. तरीही व्हाइट सरासरी धरतात ती अर्ध्या तासाचीच, कारण सगळ्या काड्या इतक्या लांब नसतात. या हिशेबाने तीन शिलिंगमध्ये ८०० तास उजेड मिळतो, एका फार्दिंगला साडेपाच तास. एक अनुभवी गृहस्थ त्यांना सांगतात, की दीड पौंड लव्हाळ्यात त्यांच्या घराचं वर्ष निघतं, कारण मोठ्या दिवसांत कष्टकरी माणसं सूर्याबरोबर उठतात आणि सूर्याबरोबर झोपतात.

हा हिशेब आजही पडताळून पाहता येतो. तीन शिलिंग म्हणजे १४४ फार्दिंग. १,६०० काड्या भागिले १४४, म्हणजे फार्दिंगला ११ काड्या. बेरीज-भागाकार चोख आहे. आता वजनाकडून बघा. वाळलेली काडी पाव ग्रॅमपेक्षा किंचित जास्त, तिला चिकटणारी चरबी सुमारे १.७ ग्रॅम. दोन ग्रॅमची वात अर्धा तास जळते, हे पटण्यासारखं आहे.

खटकतं ते व्हाइट यांचं पुढचं वाक्य. अगदी गरीब लोक रोज संध्याकाळी अर्ध्या पेनीची मेणबत्ती विकत आणतात. त्यांच्या वारं घुसणाऱ्या खोल्यांत ती दोन तासांहून फारशी जास्त टिकत नाही. तेवढ्याच पैशात लव्हाळा अकरा तास जळला असता. म्हणून, व्हाइट यांच्या मते, अतिगरिबांना काटकसर कळत नाही.

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र मान्य करता येत नाही, आणि तो खोडायला लागणारा पुरावा त्याच पत्रात आहे. फुकटची चरबी कोणाला मिळते? ज्याच्या घरी खारवलेलं मांस वारंवार शिजतं त्याला. ज्याच्याकडे ते नाही, त्याने तीनपैकी दोन शिलिंग नुसत्या चरबीसाठी मोजायचे. त्या काळात दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुराची आठवड्याची कमाई साधारण सात-आठ शिलिंग होती. त्यातून तीन शिलिंग एकरकमी काढणं ज्याला शक्य नाही, तो रोजची अर्धी पेनीच खर्च करणार. शिवाय मेणबत्तीचे दोन तास वाऱ्याच्या खोलीतले आहेत; वारं लव्हाळ्यालाही लागतं, त्याची वेगळी वजावट कुठे केलेली नाही. अर्ध्या तासाच्या सरासरीत ती थोडीफार सामावली असेल, तरी तुलना सरळ राहत नाही.

अशा पुस्तकांत लेखकाने मोजलेलं, लेखकाने ऐकलेलं आणि लेखकाला वाटलेलं एकाच परिच्छेदात सलग येतं. ५७ मिनिटं मोजलेली आहेत. दीड पौंडात वर्ष निघणं ऐकीव आहे. गरिबांना काटकसर कळत नाही, हे मत आहे. तिन्हींवर सारखीच खूण करून पुढे गेलं, की पाद्र्याचं मत इतिहास म्हणून उतरवलं जातं.

[दृश्य: लाकडी ठोकळ्यात बसवलेला लोखंडी चिमटा.]

दुसरं पुस्तक शेजारी ठेवलं की आणखी गोष्टी उलगडतात. विल्यम कॉबेट हे घोड्यावरून खेडोपाडी हिंडून लिहिणारे, सरकारवर तुटून पडणारे लेखक. जन्म १७६३ चा, सेलबोर्नपासून दिवसभरात पायी गाठता येईल अशा फार्नहॅमचा. १८२२ च्या सुमारास त्यांनी घरगुती काटकसरीवर लिहिलं, त्यात हीच कृती आहे. त्यांच्या आजीच्या घरात मेणबत्ती कधी दिसलीच नाही. कॉबेट करावर बोट ठेवतात: मेणबत्त्यांवर सरकारी कर होता, घरी स्वतःसाठी केलेल्या लव्हाळ्याच्या वातीवर नव्हता. १७०९ साली बसवलेला हा कर १८३१ मध्ये उठला. अर्ध्या पेनीच्या मेणबत्तीच्या किमतीत त्याचाही वाटा होता.

तयार वाती कशात ठेवायच्या, हेही कॉबेट सांगतात: कोवळ्या झाडाच्या सालीची पन्हळ करून ती पट्ट्यांनी भिंतीला बांधायची. आणि जळताना वात धरायला हा चिमटा. वात त्यात तिरकी धरतात. उभी धरली तर लवकर मंदावते, फार खाली झुकवली तर भडकून संपते. मिनिटाला अर्धा इंच या वेगाने ज्योत काही मिनिटांतच चिमट्याच्या तोंडाशी येते. तेव्हा हातातलं शिवण किंवा विणकाम बाजूला ठेवून वात वर सरकवावी लागते, आणि अर्ध्या तासाने नवी लावावी लागते.