शकुंतला : मूर्तिजापूर ते अचलपूर, ताशी वीस किलोमीटर

(दृश्य : मूर्तिजापूर जंक्शन, सकाळ. एक मेल गाडी न थांबता निघून जाते. कॅमेरा पलीकडच्या नॅरोगेज फलाटाकडे वळतो.)

मूर्तिजापूर जंक्शन. मुंबई–हावडा मुख्य मार्ग. मोठ्या गाड्या इथून धडधडत जातात. काही थांबतात, बऱ्याच थांबत नाहीत. त्यांच्या पल्याड हा दुसरा फलाट. जमिनीला लागून, आणि समोरच्या दोन रुळांमध्ये अंतर अवघं अडीच फूट. मिलिमीटरमध्ये मोजलं तर ७६२.

गाडी उभी आहे, हे चित्रण ती चालू होती तेव्हाचं. आज या रुळांवर काहीही धावत नाही. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात 'जुनं चित्रण' असं लिहिलं आहे. तिकडे अधूनमधून बघा, कारण गाडी एकदा हलली की ती बंद पडली आहे हे विसरायला होतं.

(दृश्य : इंजिनाचा भोंगा. डबे हिसका देऊन हलतात.)

रेल्वेच्या कागदावर ही साधी पॅसेंजर. लोकांनी तिला शकुंतला एक्सप्रेस करून टाकलं. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे ७६ किलोमीटर, वेळ चार तास. दुसरा फाटा मूर्तिजापूरहूनच कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जायचा, ११३ किलोमीटर. आपण मात्र उत्तरेला निघालो आहोत, सातपुड्याच्या रोखानं.

(दृश्य : जिनिंगचं आवार. कापसाचा ढीग, त्यावर चढलेले मजूर. मग जुना नकाशा.)

ही गाडी माणसांसाठी टाकलेलीच नव्हती. ती कापसासाठी.

१८५३ साली निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, आणि साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर स्थिरावली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही गावं मुख्य मार्गावर आली. पण कापूस पिकत होता तो आत. दर्यापुरात, अंजनगावात, दारव्ह्यात. आणि आतली वाट म्हणजे काळी कसदार जमीन. पाऊस पडला की बैलगाडीचं चाक आखापर्यंत रुतणार. बैल सोडून द्यायचे आणि जमीन वाळायची वाट बघायची.

मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीनं यात धंदा हेरला. १९१० साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली. अडीच फुटी गेज घेतलं ते स्वस्तात काम व्हावं म्हणून. रूळ हलका, स्लीपर आखूड, पूल लहान, भराव अरुंद. त्या दशकात अचलपूरची लाइन झाली, वर्धा जिल्ह्यात याच कंपनीची पुलगाव–आर्वी झाली. जिनमध्ये सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जायच्या, त्या छोट्या वाघिणीतून मूर्तिजापूरला यायच्या. तिथं गेज बदलतं. म्हणजे प्रत्येक गाठ हमालाच्या पाठीवरून छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत. मग मुंबई बंदर, मग आगबोट. या लाइनच्या जुन्या सिग्नलांवर 'लिव्हरपूल' अशी अक्षरं ओतलेली होती. कापूस तिकडे गेला, लोखंड इकडे आलं.

करार असा होता की रूळ कंपनीचे, गाड्या जीआयपीनं चालवायच्या. स्वातंत्र्य आलं, १९५१ मध्ये रेल्वे सरकारी झाल्या, झोन पडले, आणि ही लाइन मात्र त्यातून सुटली. इंजिन सरकारचं, गार्ड सरकारचा, तिकीट सरकारचं आणि खालचे रूळ खाजगी कंपनीचे. त्यापोटी रेल्वे त्या कंपनीला मोबदला देत राहिली. कुठल्याही सरकारी कार्यालयात हे समजावून सांगायला अर्धा तास लागतो, आणि समोरचा शेवटी विचारतो, "पण मग डागडुजी कोणाकडे?" नेमकं तेच.

(दृश्य : वाफेच्या इंजिनाचे कृष्णधवल फोटो.)

हे झेडडी जातीचं वाफेचं इंजिन. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं, १९२३ पासून या लाइनवर. ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत कामावर होतं. सत्तर वर्षं. त्यानंतर डिझेल.

(दृश्य : फाटक. गाडी रस्त्याअलीकडे थांबते.)

आता हे नीट बघा. या फाटकावर माणूस नाही. गाडी थांबली. कर्मचारी खाली उतरला, चालत गेला, एक बाजू बंद केली, दुसरी बंद केली. मोटरसायकलवाले थांबले. बैलगाडी थांबली. हिरवी झेंडी. गाडी रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि पुन्हा थांबली. तोच माणूस फाटक उघडतो, पळत येऊन डब्यात चढतो. पुढचं फाटक येईपर्यंत बसायला मोकळा. मधल्या स्टेशनांवर तिकीटबारी उरलेली नव्हती, तिकिटं गार्डच फाडायचा. सगळी गाडी हातावर मोजता येतील एवढी माणसं चालवत होती. आम्ही हा प्रसंग जराही न कापता ठेवला आहे. लांबतो, लांबू द्या.

(दृश्य : पूर्णेचा पूल. खाली पाणी, काठावर देऊळ.)

लाखपुरी. खाली पूर्णा नदी, काठाला लक्षेश्वर महादेवाचं देऊळ. पुलावर कठडा नाही. दारात बसलेल्या पोरांचे पाय थेट नदीवर लोंबताहेत. (हे कोणी करू नये. पण त्यांनी केलं, आणि कॅमेऱ्यात आलं.)

पूर्णा ओलांडली तरी खारपाणपट्टा सुटत नाही. नदीच्या दोन्ही अंगांना ही जमीन पसरली आहे. वरून पाहिलं तर काळीभोर, सुपीक. खाली विहीर खणली की पाणी खारट. म्हणून खिडकीतून बघा, बाग दिसणार नाही. कपाशी, तूर, हरभरा, सगळं पावसाच्या भरवशावर. झाड म्हणजे बांधावरची बाभूळ. प्यायचं पाणी इथल्या गावांना दूरच्या शहानूर धरणातून नळानं आणावं लागलं.

(दृश्य : बनोसा स्थानक. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, शाळकरी पोरं, एक बकरी.)

बनोसा, म्हणजेच दर्यापूर. चढणारे पाच, उतरणारे वीस. "सरका ना बा थोडं," आणि खरंच सगळे सरकतात.

मग लेहेगाव, मग कापूसतळणी. रस्ता रुळांच्या अगदी शेजारून धावतो आणि एक सायकलवाला आपल्या पुढे निघून जातो. त्यानं मागे वळून हातही केला.

अंजनगावच्या आसपास पाणी बदलतं. हे सांगायला जाणकार नको, खिडकी पुरे. बांधाला हिरवळ येते, केळी दिसतात, संत्र्याच्या बागा दिसतात, आणि हे मांडव घातलेले पानमळे. अंजनगावचं पान वऱ्हाडात नाव राखून आहे. याच अंजनगाव-सुर्जीला ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांचा तह झाला होता. याच तालुक्यातलं शेंडगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव.

आणि समोर सातपुडा. मघापासून तो आभाळात मिसळलेला होता, आता त्याचे कडे ओळखू येतात. वर मेळघाट, चिखलदरा, गाविलगड. चार तासांच्या प्रवासातला हा तुकडा, अंजनगाव ते अचलपूर, डोळ्यांसाठी सगळ्यात मोठा. पथ्रोट, चामक, नौबाग अशी छोटी स्टेशनं, आणि गाडी थेट डोंगराच्या अंगावर चाललेली.

(दृश्य : अचलपूर. इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून मागे जाऊन दुसऱ्या टोकाला जोडलं जातं.)

अचलपूर, लाइन संपली. इमादशाहीच्या काळातलं वऱ्हाडचं मोठं शहर. इंजिनाची कडी सोडली, ते शेजारच्या रुळावरून फिरून दुसऱ्या टोकाला आलं, कडी जोडली. आता हीच गाडी परत.

(दृश्य : तेच स्थानक, आजचं. गवत.)

आधी यवतमाळची गाडी थांबली, मग अचलपूरची. रुंदीकरणाची, म्हणजे इथं मोठी लाइन टाकण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली. बाजाराला जाणाऱ्या बाया, कॉलेजची पोरं आता एसटीनं किंवा काळीपिवळीनं जातात, पैसे जास्त पडतात.

(दृश्य : पातालपाणी. गाडी धबधब्यापाशी उभी. प्रवासी मोबाइल घेऊन खाली.)

हे वऱ्हाड नाही. मध्य प्रदेशात, महूजवळचं पातालपाणी. अकोल्याच्या जुन्या माणसांना खांडवा, महू करत जाणारी मीटरगेजची मीनाक्षी एक्सप्रेस आठवत असेल. त्याच मार्गाचा हा तुकडा. महू–खांडव्याचा हा भाग होळकरांच्या पैशानं झालेला; तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये त्यासाठी एक कोटी रुपयांचं कर्ज इंग्रज सरकारला दिलं होतं. इथंही मोठी लाइन यायची होती. पण २०१८ च्या नाताळात पातालपाणी ते कालाकुंड एवढे साडेनऊ किलोमीटर वारसा गाडी म्हणून चालू झाले. चार बोगदे, मोठ्या काचांचे डबे, धबधब्यापाशी थांबा. कालाकुंडला उतरलं की पानावर कलाकंद मिळतो. पावसाळ्यात इंदूरची माणसं कुटुंबं घेऊन येतात.

आमचं म्हणणं यापेक्षा मोठं नाही. अशीच वारसा गाडी इथं हवी, पण सगळे ७६ किलोमीटर मागत नाही. अंजनगाव ते अचलपूर, पंचवीस-तीस किलोमीटर, आणि नाहीच जमलं तर पथ्रोट ते अचलपूर. चिखलदऱ्याला जाणारे पर्यटक परतवाड्याहूनच जातात, आणि परतवाडा अचलपूरला खेटून आहे. कालका–शिमल्याचं गेज हेच, अडीच फूट. ती लाइन २००८ पासून जागतिक वारशात आहे. नॅरोगेजचं काम जाणणारी माणसं विदर्भात होती म्हणूनच नागपूरला मोतीबागेत २००२ मध्ये नॅरोगेजचं संग्रहालय झालं. तिथं पोरांसाठी छोटी गाडी फिरते. छान आहे. पण ती कुंपणाच्या आतच फिरते.

(दृश्य : पथ्रोटजवळचे शेतकरी, बांधावर.)

इथल्या शेतकऱ्यांना आधी मोठी गाडी हवी आहे. संत्रा दिल्लीला पाठवायचा तर अडीच फुटी गाडी कामाची नाही, हे ते तोंडावर सांगतात, आणि ते बरोबर आहे. आमचं उत्तर एवढंच की मोठी लाइन आखताना शेवटच्या टप्प्यात जुना भराव तसाच राखून ठेवता येईल का, हे आत्ताच तपासावं. रूळ एकदा उचलले की ते भंगारात वजनावर जातात.

मागणीचा अर्ज तयार आहे. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट आणि अचलपूर इथं हा व्हिडिओ दाखवू तेव्हा तो टेबलावर असेल. सही करताना पत्ता पूर्ण लिहा, नुसतं गावाचं नाव लिहिलेल्या सह्या मोजत नाहीत.