बाळाच्या पोटातली गाठ

खारघर. पांडवकड्याच्या डोंगरापासून जवळच टाटा मेमोरियल सेंटरचं ‘ॲक्ट्रेक’ हे कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र आहे. कॅन्सर झालेली लहान मुलं घेऊन राज्यभरातून आईबाप नवी मुंबईत उतरतात. त्यात एखादं बाळ यकृताच्या कॅन्सरचं असतं.

न्हाऊ घालताना पोटाला तेल चोळलं, की उजव्या बरगडीखाली हाताला टणक लागतं. अनेकदा हा आजार पहिल्यांदा असाच कळतो. बाळ हसतखेळत असतं, दुखतही नसतं. मग ‘जंत असतील’ म्हणत महिना निघून जातो.

या आजाराचं नाव हेपॅटोब्लास्टोमा. दहा लाख मुलांमागे वर्षाला एखाददुसऱ्याला होणारा, बहुतेक तीन वर्षांच्या आतल्यांना. जन्मतः दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांना धोका जास्त. रक्तातला एएफपी (एक प्रथिन) बहुधा खूप वाढलेला असतो. केमो लागू पडली की तो उतरतो, म्हणून आईवडील रिपोर्टात आधी तोच आकडा शोधतात.

एके काळी नुसत्या ऑपरेशनवर तिनांतलं जेमतेम एक मूल वाचायचं. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आलं आणि चित्र पालटलं. गाठ आक्रसते, मग सर्जन ती काढतो. उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. संपूर्ण यकृतच व्यापलं असेल, तर प्रत्यारोपण. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या सायोपेल या मुलांच्या यकृत-कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या अभ्यासात कमी जोखमीची सुमारे 95 टक्के मुलं तीन वर्षांनंतर हयात होती.

पण हा आकडा प्रत्येक मुलाचा नाही. गाठ फुप्फुसात पोचली असेल, तर तो खाली येतो. आणि उपचार अर्धवट सुटले, तर आकड्याला काही अर्थच उरत नाही. दोन केमोनंतर पोट मऊ लागतं, मूल जेवू लागतं. इकडे खोलीचं भाडं थकलेलं, तिकडे कापूस वेचणीला आलेला. कुटुंब गावी जातं, ते परत येत नाही. दोष त्यांना कसा द्यायचा? राहायची सोय आणि पाठपुरावा करणारा माणूस, हासुद्धा उपचारच आहे.

वाचलेल्या मुलांचे कानही जपावे लागतात, कारण सिस्प्लॅटिनने ऐकू कमी येऊ शकतं. 2018 च्या अभ्यासात प्रत्येक डोसनंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट हे औषध दिलं, तेव्हा ऐकू कमी येणाऱ्या मुलांचं प्रमाण 63 वरून 33 टक्क्यांवर आलं. बोलायला शिकायचं वय आहे हे. केमो सुरू असताना आणि संपल्यावरही कानांची तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या.